नववी सुरू होतेय? पुस्तक मिटून अभ्यास करायला शिका

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि ठाण्यात स्टेशनजवळच्या वह्यापुस्तकांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते, रेनकोट, दप्तरं, खाकी कव्हरं, आणि नववीच्या मुलांच्या हातात तर पाठ्यपुस्तकाच्या आधी गाईड. मी वर्तकनगरला घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते, सेमी आणि मराठी मिडीयम दोन्ही, त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये आयांचा ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, आता नववी, काय वेगळं करायचं?" प्रत्येकीला फोनवर अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा एकदा नीट बसून लिहावं म्हटलं. मुलांनी वाचलं तर फारच छान, कारण खरं तर हे त्यांच्यासाठीच आहे.

आधी नववीत नक्की बदलतं काय ते बघू. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यामुळे, म्हणजे २००९ च्या कायद्यामुळे, मुलं वर जात राहायची. आता २०२३-२४ पासून महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुन्हा परीक्षा वगैरे, पण तरी मुलांच्या डोक्यात "होतंय पास" हेच बसलेलं असतं. नववीत तसं नसतं. नववीत नापास होता येतं आणि होतात मुलं. दुसरं म्हणजे पेपरचा साचा दहावीसारखा होतो. भाषेचा ८० चा पेपर तीन तासांचा, गणित भाग १ आणि भाग २ वेगळे, ४०-४० चे, विज्ञान तसंच दोन भागांत, इतिहास-राज्यशास्त्र ४० आणि भूगोल ४०, आणि प्रत्येकाला तोंडी, प्रॅक्टिकल, गृहपाठ असे २०. ३५ ला पास. आठवीत जो मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून ७० टक्के आणायचा तोच नववीच्या पहिल्या घटक चाचणीत २० पैकी ८ घेऊन येतो आणि घरात सगळ्यांना धक्का बसतो. मुलगा बिघडलेला नसतो, मोबाईलचंही सगळं पाप नसतं. आठवीपर्यंत जी पद्धत चालून गेली ती आता पुरत नाही एवढंच असतं, आणि नवी पद्धत त्याला कोणी शिकवलेलीच नसते. शाळेत धडे शिकवतात, क्लासमध्ये पण धडेच शिकवतात. अभ्यास कसा करायचा याचा तास कुठेच नसतो.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की वाचणं म्हणजे अभ्यास नाही, पुस्तक मिटल्यावर जे सुरू होतं तो अभ्यास.

माझ्याकडे एखादं मूल येतं, म्हणतं "टीचर, धडा तीनदा वाचलाय, सगळं येतं." मी म्हणते बरं, पुस्तक दे माझ्याकडे, कोरा कागद घे, येतंय ते लिही. पाच मिनिटांत पेन थांबतं. चेहरा बघवत नाही अक्षरशः, कारण ते खोटं बोलत नसतं, त्याला खरंच वाटलेलं असतं की येतं. डोळ्यांसमोर पुस्तक उघडं असताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असा मनाचा समज होतो. परीक्षेत पुस्तक नसतं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. २००६ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. मुलांनी एक छोटा उतारा वाचला, मग काही मुलांनी तोच पुन्हा वाचला आणि बाकीच्यांनी न बघता जेवढं आठवतंय तेवढं कागदावर लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, त्यांना ८१ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ७५. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांचं ४२ वर आलं आणि लिहून काढणाऱ्यांचं ५६ वर राहिलं. म्हणजे आदल्या रात्री वाचून चाचणीत मार्क मिळतात हे खरंच आहे, म्हणूनच तर ती सवय लागते! पण सहामाहीला तोच धडा परत पहिल्यापासून.

आता प्रत्यक्षात कसं करायचं ते भूमितीवरून सांगते, कारण नववीत सगळ्यात जास्त भीती भूमितीची. त्रिकोणाच्या धड्यात सुरुवातीलाच एक प्रमेय आहे, त्रिकोणाच्या बाह्यकोनाचं माप त्याच्या दूरस्थ आंतरकोनांच्या, म्हणजे त्याला लागून नसलेल्या आतल्या दोन कोनांच्या, मापांच्या बेरजेइतकं असतं. मुलं हे पाठ करतात, सिद्धतेसकट पाठ करतात, आणि पेपरात आकृतीला वेगळी अक्षरं दिली की अडकतात. मी काय करायला लावते तर आधी एकदा शांतपणे वाचायचं, मग पुस्तक पालथं घालायचं आणि आकृती स्वतः काढायची, पीक्यूआर नको, आपली वेगळी अक्षरं घ्यायची. मग पक्ष लिहा, म्हणजे काय दिलंय. साध्य लिहा, काय दाखवायचंय. आणि सिद्धतेत स्वतःला विचारा, मला या आकृतीबद्दल आधीपासून काय माहितीये? त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० असते हे माहितीये. आतला कोन आणि त्याच्या शेजारचा बाहेरचा कोन ही रेषीय जोडी, त्यांची बेरीज पण १८०. दोन्हीकडे १८०, दोन्हीकडे तो एक आतला कोन सारखा, तो दोन्हीकडून काढून टाकला की उरलं काय? दोन दूरचे कोन बरोबर बाहेरचा कोन. संपलं प्रमेय. ज्या मुलाने हे एकदा स्वतःच्या हाताने काढलं त्याला ते पाठ करावं लागत नाही, आणि अडलं तर कुठे अडलं ते नेमकं कळतं, मग तेवढ्याच ओळीसाठी पुस्तक उघडायचं, बघायचं, परत मिटायचं. वेळ जास्त जातो हो पहिल्या महिन्यात, मुलं चिडतात, "टीचर एवढ्या वेळात माझे दोन धडे झाले असते" असं म्हणतात. जाऊ दे वेळ. जून-जुलैत वेळ घालवायचा असतो, फेब्रुवारीत नाही.

विज्ञानात पण तसंच. पहिलाच धडा गतीचे नियम, त्यात गणितं. गाडी स्थिर अवस्थेतून निघून ५ सेकंदांत ७२ किलोमीटर प्रतितास वेग घेते, त्वरण काढा. हुशार मुलं धाडकन ७२ भागिले ५ करून मोकळी होतात. अरे ताशी किलोमीटर आहे ना, आधी मीटर प्रतिसेकंद कर, ७२ गुणिले ५ छेद १८, आले २०, मग २० भागिले ५, चार, आणि चारच्या पुढे एकक लिही, मीटर प्रतिसेकंद वर्ग. दिलेलं, सूत्र, किमती घालणं, उत्तर, एकक, असं ओळीने लिहायची सवय नववीच्या पहिल्या गणितापासून लावा, कारण पायऱ्यांना मार्क असतात आणि उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मिळतात.

आणि चुकांची एक वेगळी वही ठेवा, छोटी शंभर पानी चालेल. चुकलेलं गणित त्यात परत सोडवायचं आणि खाली एका ओळीत लिहायचं का चुकलं. "एकक बदललं नाही." "प्रश्न नीट वाचला नाही, कमी कोणता विचारलं होतं मी जास्त लिहिला." "वजा चिन्ह पुढच्या ओळीत हरवलं." ही वही कोणालाही दाखवायची नाही, आईलाही नाही, म्हणजे मुलं खरं लिहितात. दिवाळीपर्यंत त्याच त्याच तीन-चार चुका दिसायला लागतात आणि मग परीक्षेच्या आदल्या दिवशी ही वही चाळणं हे अख्खं पुस्तक चाळण्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडतं.

विसरायला होतं ही सगळ्यांची तक्रार असते, तर विसरायला होणारच. एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून हे मांडलं की पाठ केलेलं आधी भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होत जातो. म्हणजे पहिले एक-दोन दिवस महत्त्वाचे. त्यामुळे शाळेत आज जे शिकवलं त्याचं रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं कागदावर आठवून बघा, फक्त मुद्दे, मग दोन-तीन दिवसांनी एकदा, मग रविवारी एकदा आणि मग महिनाअखेर. प्रत्येक वेळी पुस्तक मिटूनच. हे ऐकायला खूप वाटतं पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पाच मिनिटांच्या वर लागत नाहीत. ज्यांना वेळापत्रक भिंतीवर लावायला आवडतं त्यांनी लावा, पण रंगीत पेनांनी सुंदर वेळापत्रक करण्यात अख्खा रविवार घालवू नका, सकाळी पाच ते रात्री अकरा असं काहीतरी लिहायचं आणि बुधवारपर्यंत ते मोडायचं आणि मग वाईट वाटून घ्यायचं, काय उपयोग.

आता जरा नाजूक विषय. व्हेकेशन बॅच. नववीची परीक्षा संपत नाही तोच एप्रिलमध्ये दहावीचा पोर्शन सुरू, आणि काही ठिकाणी तर नववीच्या दिवाळीनंतरच नववी गुंडाळून दहावी काढतात. मला हे अजिबात पटत नाही आणि मी माझ्याकडे करत नाही, त्यासाठी पालक सोडून जातात तरी नाही. नववीचं आणि दहावीचं गणित शेजारी ठेवून बघा तुम्हीच. नववीत बहुपदी आहे, अवयव पाडणं आहे, ते पक्कं नसेल तर दहावीची वर्गसमीकरणं होत नाहीत. नववीत दोन चलांतील रेषीय समीकरणं आहेत आणि दहावीच्या भाग एकचा पहिलाच धडा तोच. नववीचे त्रिकोण आले नाहीत तर दहावीची समरूपता डोक्यावरून जाते, त्रिकोणमिती नववीत सुरू होते आणि दहावीत पुढे जाते, सांख्यिकी दोन्हीकडे. म्हणजे नववी नीट करणं हीच दहावीची तयारी आहे. पाया अर्धा सोडून वरचा मजला चढवला की दहावीच्या डिसेंबरमध्ये पोरगं रडत येतं आणि मग मी त्याला नववीचं पुस्तक काढायला सांगते. तेव्हा वेळ नसतो हो. फार जीव तुटतो तेव्हा.

वेळेचं बोलू. ठाण्यातल्या बऱ्याच शाळा दोन पाळ्यांत भरतात, कोणाची सकाळी सातची, कोणाची दुपारची. घोडबंदर रोडला राहणारी मुलं असतील तर बसमध्ये जाणारा वेळ वेगळाच, मेट्रोच्या कामाने तर विचारू नका. सकाळची शाळा, तीनला घरी, पाचला क्लास, साडेआठला परत, जेवण, मग अभ्यास अकरापर्यंत, सकाळी साडेपाचला उठणं. साडेसहा तास झोप. १३ ते १८ वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांची संस्था सांगते आणि आमच्याकडे डुलक्या घेणारी मुलं बघून मला ते पटतं. म्हणून माझं म्हणणं की क्लास कमी करा पण झोप कापू नका. सगळ्या विषयांना क्लास लागत नाही. इतिहास-भूगोलाला तर नकोच. ज्या एक-दोन विषयांत खरंच अडतंय तेवढ्यालाच लावा आणि वाचलेला वेळ मुलाच्या हातात द्या. क्लासमध्ये बसणं म्हणजे दुसरा कोणीतरी सोडवताना बघणं, स्वतः सोडवायला वेळ कधी मिळणार? दुपारची शाळा असेल तर सकाळचे दोन तास सोन्यासारखे आहेत, ते गणिताला द्या, भाषेला नको.

घर लहान असलं, टीव्ही चालू असला, तर अभ्यासिका शोधा, आपल्याकडे वॉर्डावॉर्डात आहेत, मंडळांच्या पण आहेत, चौकशी केली तर कमी फीमध्ये मिळतात, काही फुकट सुद्धा. आणि ऑगस्टमध्ये गोविंदाचा सराव, मग गणपती, मग टेंभीनाक्याची देवी, ठाण्यातल्या मुलांना हे सगळं सोडा म्हणणं मला जमत नाही आणि सोडूही नये. फक्त आधी ठरवून घ्या, सरावाला जायचंय ना, मग त्या दिवशीचा अभ्यास संध्याकाळी सातच्या आत. शाळा सुरू झाल्यापासून गणपतीपर्यंतचे दिवस हे सवय लावायचे दिवस, गणपतीत सुट्टी घ्या मनसोक्त, विसर्जन झालं की परत. ज्यांची जून-जुलैत सवय लागली त्यांना परत यायला त्रास होत नाही.

मोबाईल पूर्ण बंद करा असं मी सांगणार नाही कारण शाळेचा गृहपाठच व्हॉट्सअपच्या ग्रुपवर येतो. पण ग्रुपवर आलेला गृहपाठ डायरीत उतरवून घ्या आणि फोन आईकडे देऊन टाका, दुसऱ्या खोलीत. "टीचर, पीडीएफ बघायचीय" हे कारण असतंच, तर बालभारतीची सगळी पुस्तकं त्यांच्या साईटवर फुकट आहेत हे खरं, पण छापील पुस्तक घरात असताना पीडीएफ कशाला? पुस्तकावर पेन्सिलने खुणा करता येतात.

इतिहास-भूगोलाबद्दल थोडं, कारण सगळे या विषयांना "शेवटच्या दिवशी बघू" म्हणून टाकतात. नववीचा इतिहास म्हणजे १९६० नंतरचा भारत. घरात आजी-आजोबा आहेत ना? त्यांनी हे जगलंय! १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आजोबांना विचारा तेव्हा बँकेत खातं होतं का घरात कोणाचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, ठाण्यात कितीतरी घरं अशी आहेत की ज्यांची मुळं परळ-लालबागला आहेत. माझ्याकडच्या एका मुलीने आजीला हे विचारलं तर आजी तासभर बोलत होती, रेशन कसं आणलं, कोण गावाला परत गेलं, आणि त्या मुलीने तो प्रश्न पेपरात असा लिहिला की शिक्षकांनी वर्गात वाचून दाखवला. भूगोलात वृष्टीचा धडा आहे, प्रतिरोध पाऊस, पर्जन्यछायेचा प्रदेश. जुलैमध्ये येऊरचा डोंगर ढगात गेलेला असतो आणि आपण दिवसचे दिवस भिजत असतो, तेव्हा संगमनेरच्या मामाला फोन करून विचारा तिकडे पाऊस किती. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीला अडून इकडे रिते होतात आणि पलीकडे थोडंच उरतं, हे मग आयुष्यभर विसरणार नाही. नागरीकरणाचा धडा तर आपल्या गॅलरीतून दिसतो.

पालकांना एकच विनंती. "झाला का अभ्यास?" हे विचारू नका, त्याचं उत्तर "हो" असंच येतं. त्याऐवजी म्हणा, आज जे शिकलास ते मला समजावून सांग. तुम्हाला येत नसलं तर जास्तच चांगलं, म्हणजे मुलाला नीट सोपं करून सांगावं लागतं. सेमीच्या मुलांच्या आया म्हणतात आम्हाला इंग्लिश कुठे येतं. नका ना काळजी करू, त्याला मराठीत सांगायला लावा, मराठीत सांगता आलं म्हणजे समजलंय, इंग्लिश शब्द लिहून पक्के करता येतात. आणि कृपा करून समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलाचे मार्क काढू नका जेवताना. मुलं अक्षरशः जेवण टाकतात, मला येऊन सांगतात.

पहिल्या चाचणीत मार्क कमी आले तर रागावण्याआधी उत्तरपत्रिका घेऊन बसा दोघं. कुठले मार्क गेले, येत होतं पण गेले की येतच नव्हतं, हे बघा. येत होतं पण गेले ते चुकांच्या वहीत. येत नव्हतं ते घेऊन दुसऱ्या दिवशी शाळेतल्या सरांकडे किंवा बाईंकडे जायचं, मधल्या सुट्टीत. मुलांना लाज वाटते विचारायला, वर्गात साठ मुलं असतात, हात वर केला की मागून हसतात, मला माहितीये. पण स्टाफरूमच्या दाराशी वही घेऊन उभ्या राहिलेल्या मुलाला परत पाठवणारे शिक्षक मी फार कमी बघितलेत. प्रश्न मात्र नेमका घेऊन जा, "काहीच कळलं नाही" असं नको, "या तिसऱ्या ओळीतून चौथी कशी आली" असं विचारा.

अजून एक सांगायचं राहिलं, नववीत डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा असते, सहावी आणि नववीसाठीच असते ती, ज्या मुलांना विज्ञान मनापासून आवडतं त्यांनी जरूर बसा, लेखी, प्रात्यक्षिक, प्रकल्प सगळं असतं आणि तयारी करताना पाठ्यपुस्तकाबाहेर बघायची सवय लागते. चित्रकला आवडणाऱ्यांची एलिमेंटरी झाली असेल तर इंटरमिजिएट याच वर्षी उरकून घ्या, दहावीत तेवढा वेळ मिळत नाही.

आणि एप्रिलमध्ये रिझल्ट लागला की नववीची पुस्तकं लगेच रद्दीत किंवा शेजारच्यांना देऊ नका. गणिताचे दोन्ही भाग आणि विज्ञान हे तरी दहावी संपेपर्यंत कपाटात राहू द्या, चुकांची वही पण. शेजारचं मूल मागायला आलं तर त्याला इतिहास-भूगोल आणि भाषेची द्या, बाकीची पुढच्या वर्षी देतो म्हणून सांगा.